भीमथडीच्या जत्रेत, सासूबाईंबरोबर

"नुसतं खायला कोरेगावाहून पुण्याला? घरात काय उपाशी ठेवलंय का तुला?"

मी भीमथडीच्या जत्रेचं नाव काढलं, तेव्हा पेपरातून मान वर न करता ह्यांनी विचारलेला हा प्रश्न. तसं त्यांचंही काही चुकलं नव्हतं म्हणा. आपण बायका प्रवास करतो तो लग्नाला, बाळंतपणाला, दवाखान्याला, नाहीतर देवाला. जत्रेला जायचं तर मांढरदेवला नाहीतर पालीच्या खंडोबाला. देव नसलेल्या जत्रेला, आणि तेही खाण्यासाठी जायचं, म्हणजे जरा जास्तच झालं!

पण माझ्याकडे उत्तर तयार होतं. "नुसतं खायला नाही, गटाच्या कामाला चाललेय."

मैत्रिणींनो, हे गटाचं काम काय ते आधी सांगायला हवं. आमच्या आळीत आमचा अकरा जणींचा बचतगट आहे. महिन्याला दोनशे रुपये भरायचे, नडीला कर्ज घ्यायचं, व्याजासकट फेडायचं, असं सहा वर्षं चाललंय. नुसतं देत-घेत बसण्यापेक्षा काही धंदा करावा असं कधीचं मनात होतं. मागे एकदा दिवाळीचा फराळ करून पाहिला. सहा किलो चिवडा अंगावर पडला, तो आपापसांत वाटून घेऊन तुळशीच्या लग्नापर्यंत पोरांना डब्यात दिला! त्यामुळे पुन्हा पैसे घालायला मन धजत नव्हतं. कुणी म्हणे पापड करू, कुणी म्हणे लोणची. एकजण म्हणाली, पुण्या-मुंबईच्या मोठ्या जत्रेत गाळाच घेऊ. शेवटी ठरलं, "तू शाळेत शिकवतेस, चार लोकांत बोलतेस. तू जाऊन बघून ये, मग ठरवू." मी आठवड्यातले तीन दिवस शाळेत मराठी शिकवते, एवढंच माझं शिकलेपण. पण अकरा जणींच्या पैशांचा प्रश्न होता, नाही कसं म्हणणार?

मी जायचं ठरवलं, आणि आतून सासूबाईंचा आवाज आला, "मी पण येते."

आम्ही सगळे गप्प. सासूबाईंचं वय त्र्याहत्तर. मामंजी गेल्यापासून चार वर्षं लेकीच्या घराखेरीज कुठं गेल्या नव्हत्या. त्यात गुडघे दुखरे. हे म्हणाले, "आई, तुला एवढं चालवेल का?"

"नाही चालवलं तर बसंन. जत्रेत बसायला कोण नको म्हणतंय?"

ह्यावर कुणापाशी उत्तर नव्हतं.

शुक्रवारी रात्री भाज्या चिरून, कणीक मळून, दोन दिवसांची सोय फ्रीजमध्ये लावून ठेवली. मुलांच्या गणवेशापासून दुधाच्या पातेल्यापर्यंत सगळ्या सूचना कागदावर लिहून कपाटाला चिकटवल्या. आपण बाई घराबाहेर पडतो तेव्हा घर बरोबर घेऊनच निघतो, नाही का?

शनिवारी सकाळी सातच्या एस्टीने निघालो. २०२३ च्या मार्चपासून एस्टीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे कंडक्टरने दोघींना दोन हाफ दिली. सासूबाई तिकिटाकडे बघून हसल्या. "लहानपणी मला कुणी हाफ तिकिटावर कुठं नेलं नव्हतं. आता मिळालं बघ!" जरंडेश्वराचा डोंगर डाव्या-उजव्या बाजूने दिसत राहिला, माहुलीला कृष्णेचा पूल लागला तसा त्यांनी खिडकीतून हात जोडला. साताऱ्याला गाडी बदलली, वन्संसाठी कंदी पेढे घेतले. खंबाटकीचा बोगदा, शिरवळ मागे टाकून साडेअकराच्या आत स्वारगेटला उतरलोसुद्धा.

वन्सं सहकारनगरला राहतात. त्यांच्याकडे पिशव्या टाकल्या, हातपाय धुतले. वन्संनी बजावलंच होतं, "दुपारी फक्त ताक पिऊ, पोट मोकळं ठेवा!" चारच्या सुमारास तिघी स्वारगेटला मेट्रोत बसलो. स्वारगेटपासून शिवाजीनगरकडे जाणारी ही मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, आणि ती जाते जमिनीखालून. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला सासूबाई काही तयार होईनात, शेवटी लिफ्टने नेलं. आत गारवा, लख्ख उजेड, बसायला जागा. कसबा पेठ मागे पडल्यावर वन्सं म्हणाल्या, "आई, आता आपण मुठेच्या खालून चाललोय."

"नदी वर आन् आपण खाली?" सासूबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि शिवाजीनगर येईपर्यंत तो सोडला नाही.

तिथून रिक्षाने कृषी महाविद्यालयाचं सिंचननगरचं मैदान. ह्या जत्रेचं नाव भीमथडी. भीमा नदीच्या थडीचा, म्हणजे काठचा, मुलूख तो भीमथडी. तिथली तट्टं मराठ्यांच्या स्वाऱ्यांत नावाजलेली होती, हे आपण शाळेत शिकलोय. बारामतीचा अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट पंधरा वर्षांहून जास्त काळ ही जत्रा भरवत आला आहे. डिसेंबरात, नाताळच्या आसपास ती असते. खेड्यापाड्यांतल्या बचतगटांच्या बायकांना आपला माल शहरात थेट विकता यावा, मधला दलाल नसावा, हा तिचा हेतू. मुंबईत ‘महालक्ष्मी सरस’ भरतं तेही असंच, गटांच्या बायकांचं.

आत शिरल्याबरोबर काय झालं सांगू? नाकाला काही सुचेना! एकीकडे चुलीचा धूर, एकीकडे मटणाच्या रश्श्याची फोडणी, मध्येच भाजल्या वांग्याचा वास. ओळीने गाळे आणि गाळ्यागणिक जिल्हा बदलतोय. विदर्भाच्या बायका वडाभात आणि पाटवडीचा रस्सा वाढताहेत, जुन्नरकडच्या मासवड्या कापताहेत. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा, कोकणातले उकडीचे मोदक आणि घावणे, सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी, मराठवाड्याचे धपाटे. जळगावकडच्या गाळ्यावर कळण्याची भाकरी आणि भरीत. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ, बरं का. नुसता महाराष्ट्राचा नकाशा, पण ताटात वाढलेला!

आम्ही तिघींनी एक शहाणपणा केला. प्रत्येक गाळ्यावर एकच ताट घ्यायचं आणि तिघींनी खायचं. त्यामुळे पोट आणि पाकीट दोन्ही शाबूत राहिली. मासवडी झाली, पाटवडी झाली, वन्संनी भरिताबरोबर मिरचीचा ठेचा घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढलं.

सगळ्यांत मोठी गर्दी होती ती खानदेशातल्या खापराच्या पुरणपोळीपुढे. ह्यालाच मांडे म्हणतात. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं. एक बाई पुरण भरलेली छोटी पोळी लाटून हातांवर घेई आणि ह्या हातावरून त्या हातावर झेलत झेलत वाढवत नेई. पोळी बघता बघता कोपरापर्यंत यायची, इतकी पातळ की पलीकडचा चुलीतला जाळ दिसावा. मग एका झटक्यात खापरावर. माझ्या शेजारी उभी असलेली जीन्समधली मुलगी मोबाइलवर त्याचं चित्रण करत होती आणि "वॉव, वॉव" म्हणत होती. ती मांडेवाली मात्र मान खाली घालून आपलं काम करत होती. हात भाजल्याचे जुने डाग मला तेवढे दिसले.

सासूबाईंना गर्दीत उभं राहवेना. त्या गाळ्यातल्या एका बाईने ते पाहिलं आणि आतलं स्टूल बाहेर आणून दिलं. "बसा आजी. तुम्हाला इथंच देते." खापरावरून उतरलेला मांडा तिने घडी करून पत्रावळीवर ठेवला, वर तुपाची धार सोडली आणि सासूबाईंच्या हातात दिला. "गरम गरम घ्या. निवला की मजा जाते."

सासूबाईंनी एक घास घेतला आणि थांबल्या. मला वाटलं, भाजलं तोंड. मी पाणी पुढे केलं. त्या म्हणाल्या, "नको. मला कुणी चुलीवरचं उतरवून गरम वाढलं, त्याला किती वर्षं झाली ते आठवतेय."

वन्सं म्हणाल्या, "काहीतरीच काय आई! वहिनी वाढते की तुला."

"ती वाढती. पण आधी पोरं, मग बाप्या माणसं, मग आम्ही दोघी. तवर तवा गार झालेला असतो. तिचाबी दोष नाही, तीबी गारच खाती." मग हिशेब लावल्यासारखं म्हणाल्या, "तुझ्या वेळेच्या बाळंतपणात माझ्या आईनं वाढलं होतं. तेच."

वन्संचं वय बावन्न.

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं काय? लग्नाला बारा वर्षं झाली माझ्या. त्यांच्या गोळ्या, पथ्य, गुडघ्याचं तेल, सगळं मी वेळच्या वेळी करते. सून चांगली आहे, असं आळीत म्हणतात. पण ह्या बाईला एक भाकरी तव्यावरची थेट ताटात, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आणि माझी मलाही कुणी वाढली नव्हती, हेही नव्हतं आलं. तिथं त्या स्टुलावर बसून एक परकी बाई त्यांना पैसे घेऊन वाढत होती, आणि त्या पोट भरून नव्हे, जीव भरून खात होत्या. मांडा संपल्यावर त्यांनी कनवटीची नोट काढून स्वतः पैसे दिले. आम्हाला देऊ दिले नाहीत.

रविवारी सकाळी गर्दीच्या आधीच मी वही घेऊन पुन्हा मैदानात हजर. सासूबाईंना वन्सं म्हणाल्या, आज घरी आराम कर. पण त्या कुठल्या ऐकायला! आज चौकशीचा दिवस होता. तुम्हा कुणाला गटातर्फे गाळा घ्यायचा विचार असेल तर कळलेल्या चार गोष्टी सांगून ठेवते.

पहिली गोष्ट, पदार्थ थोडे ठेवावेत. एका गाळ्यावरच्या ताई म्हणाल्या, "पहिल्या साली दहा प्रकार मांडले. सगळ्यांचं थोडं थोडं उरलं आणि भांडवल गेलं. आता तीनच करतो, पण त्यात आम्हाला कुणी हात धरत नाही."

दुसरी, माणसं मोजून न्यावीत. मांड्यांच्या गाळ्यावर पाचजणी होत्या. दोघी लाटायला, एक खापरावर, एक वाढायला आणि एक फक्त पैशांना. पैशांवरची बाई पिठात हात घालत नाही, पिठातली नोटांना शिवत नाही. मोबाइलवरून पैसे घ्यायचा चौकटीचा कागद सगळ्यांकडे टांगलेला होता, पण पैसे खरंच आले का ते बघायला एक माणूस लागतंच.

तिसरी, खर्चात नुसतं सामान धरू नये. जाणं-येणं, राहणं, गॅस-सरपण, पत्रावळ्या, आणि मुख्य म्हणजे आपली मजुरी. त्या ताईंनी मला विचारलं, "तुमच्या चिवड्यात तुम्ही तुमची मजुरी धरली होती का?" नव्हती धरली. आपण घरच्या बायका, आपल्या हाताची किंमत आपण धरतच नाही. मग दुसरा कशाला धरेल?

आणि चौथी गोष्ट कळली ती अगदी लाज वाटेल अशी. एका गाळ्यावर मंगळवेढ्याची ज्वारी होती, पिशवीवर भौगोलिक मानांकनाचा शिक्का. हे मानांकन म्हणजे अमुक जिन्नस अमुक मातीतलाच, अशी सरकारी नोंद. दार्जिलिंगच्या चहाला असतं तसं. मी कौतुकाने पिशवी उलटसुलट पाहत होते, तर तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"कोरेगाव. सातारा जिल्हा."

"मग तुमच्या वाघ्या घेवड्याचा गाळा कुठाय? त्यालापण मानांकन आहे की!"

मी गप्पच. आमच्या तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली हे मानांकन मिळालेलं, आणि मी तिथं दुसऱ्याच्या ज्वारीचं कौतुक करत उभी! सासूबाईंचं माहेर देऊरकडचं, ते तर घेवड्याचंच रान. फिकट दाण्यावर लालसर पट्टे, वाघाच्या अंगावर असतात तसे, म्हणून वाघ्या. पावसाच्या सुरुवातीला पेरायचा, सत्तर-पंचाहत्तर दिवसांत हाताशी येतो, आणि रान रब्बीच्या ज्वारीला मोकळं. व्यापारी तो उत्तरेकडे पाठवतात, तिकडे तो राजमा म्हणून खपतो. आमच्या घरी पोत्याने असतो. आणि पुण्याचे पाहुणे आले की मी काय करते? पनीर! घेवड्याची आमटी पाहुण्यांपुढे कशी ठेवायची, असं मला वाटायचं. "रोजचंच" म्हणून मी ती झाकून ठेवत आले.

सासूबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, "आपल्या घरात काय हाय ते दुसऱ्यानं सांगितल्याबिगर कळत नाही बघ." हे घेवड्याबद्दल म्हणाल्या की आणखी कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

परतल्यावर गटाची बैठक झाली. मी वही उघडून सगळं वाचून दाखवलं आणि सांगितलं, मोठ्या जत्रेत उडी इतक्यात नको. आधी जवळ करून बघू. आणि पापड-लोणची नकोत, घेवड्याची आमटी आणि भाकरी करू. चांगलाच वाद झाला. "आमटी-भाकरीला पैसे कोण देणार? ती तर घरोघरी असते," असं चौघी-पाचजणी म्हणाल्या. मीही आधी तेच म्हणाले असते. अखेर जानेवारीत तालुक्यातच एक छोटं दोन दिवसांचं प्रदर्शन होतं, तिथे करून पाहायचं ठरलं.

आमटी सासूबाईंच्या पद्धतीची केली, ती अशी. घेवडा रात्रभर भिजवायचा. सकाळी ते पाणी टाकून द्यायचं आणि नव्या पाण्यात कुकरला चार-पाच शिट्ट्या देऊन दाणा पुरता मऊ शिजवायचा. कच्चट राहिला तर पोटाला बाधतो, म्हणून ह्यात घाई नको. कांदा आणि सुकं खोबरं चुलीवर काळपट होईतो भाजून, लसूण-आलं-कोथिंबीर घालून वाटायचं. तेलात जिरं-मोहरी, मग वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, त्यात कांदा-लसूण मसाला, मग घेवडा आणि गरम पाणी. मूठभर दाणे पळीने ठेचून घातले की आमटीला दाटपणा येतो. शेवटी दोन चमचे दाण्याचं कूट आणि मीठ. बास. बाकी लाड नाहीत.

आठ किलो घेवडा भिजवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दीडलाच पातेलं खरवडलं! खर्च वजा जाता ४,४०० रुपये उरले, म्हणजे अकरा जणींना चारशे चारशे. फार नाही, पण चिवड्यासारखे अंगावर आले नाहीत. ह्या खेपेला मजुरीही आधीच धरली होती. सासूबाई गटात नाहीत, पण दोन दिवसांचा मसाला त्यांनी भाजून दिला, त्याचे तीनशे रुपये सगळ्यांनी त्यांच्या हातावर ठेवले. त्या आधी नको म्हणाल्या. मग घेतले, मोजले, आणि देव्हाऱ्यात न ठेवता आपल्या ट्रंकेत ठेवले.

मोठ्या जत्रेचं काय? पुढच्या डिसेंबरासाठी चौकशी सुरू केलीय. जमेल तेव्हा जमेल.

घरात मात्र एक गोष्ट लगेच केली. मांड्याची हकिगत मी ह्यांना सांगितली. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "तुम्ही दोघी बसा आधी. भाकरी थापून ठेवलीस तर भाजतो मी." मुलीने पाटपाणी मांडलं, मुलाने आमटी वाढली, निम्मी ताटाबाहेर. हे तव्यापुढे उभे, हातात उलथनं, कपाळावर घाम. पहिली भाकरी फुगली नाहीच, उलट एका बाजूने काळी झाली. तशीच त्यांनी आणून आईच्या ताटात टाकली आणि ओशाळून उभे राहिले.

सासूबाईंनी एक तुकडा मोडला, फुंकर घातली आणि खाल्ला.

"करपलीय," त्या म्हणाल्या. "पण गरम आहे. दुसरी हिला वाढ."